गडचिरोलीचा पेपर परभणीत वाचताना

सार्वजनिक आरोग्यातला एखादा भारतीय पेपर सांगा म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव कुठलं येतं, ते तुम्हाला सांगायला नको. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा, 1999 च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला, घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याबद्दलचा पेपर. भाषणांत येतो, मुलाखतीत विचारतात, सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर तर असतोच. वाचलेला मात्र फार थोड्यांनी. खरं सांगायचं तर एम.एस्सी. होईपर्यंत मीही वाचला नव्हता, आणि मी संख्याशास्त्राची.

आज तो आपण नीट वाचू. सगळ्यांसाठीच लिहितेय, पण डोळ्यांसमोर एक ठरावीक वाचक आहे: नोकरी करत एमपीएच करणारा. स्टाफ नर्स, आरोग्य सेविका, सीएचओ, मेडिकल ऑफिसर. दिवसा ओपीडी आणि लसीकरण, रात्री असाइनमेंट. तुमच्यातले बरेच जण असेच आहात, आणि या पेपरातली एक गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. नेमकी तीच कुणी सांगत नाही.

निमित्त झालं एका ताईंचं. गोदाकाठच्या एका उपकेंद्रावर त्या बरीच वर्षं आरोग्य सेविका आहेत, गावात सगळे 'सिस्टर' म्हणतात. त्यांनी त्यांची सिनॉप्सिस मला बघायला दिली. विषय: बाळंतिणींचं नवजात बाळाच्या काळजीविषयीचं ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण. नमुना 100. कालावधी तीन महिने. प्रस्तावनेत एक वाक्य होतं: 'गडचिरोली मॉडेलच्या अंमलबजावणीमुळे सदर उपकेंद्रात मागील तीन वर्षांत एकही नवजात मृत्यू झालेला नाही.' पुढे संदर्भ म्हणून हाच पेपर.

मी विचारलं, "ताई, पेपर वाचलाय?"

"अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचलंय. बाकी कधी वाचणार गं, मार्चएंड चाललाय."

मार्चएंडचं खोटं नव्हतं. पण त्या एका वाक्यात तीन दावे आहेत: मॉडेल राबवलं, मृत्यू झाले नाहीत, आणि मॉडेलमुळे झाले नाहीत. तिन्ही दावे त्या पेपरच्याच कसोटीवर घासून बघता येतात. तेच करू.

आधी थोडी पार्श्वभूमी. बंग दांपत्य आधीच एम.डी. होतं, काम करत होतं, आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन त्यांनी 1984 मध्ये सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यांच्याही आधी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथेच शिकून आले आणि 1970 मध्ये जामखेडचं काम सुरू केलं. म्हणजे महाराष्ट्रातले आरोग्याचे दोन सगळ्यात गाजलेले प्रयोग काम करणाऱ्या डॉक्टरांनी एमपीएच केल्यानंतरचे आहेत. प्रेरणादायी भाषणं इथे थांबतात. मला मात्र वर्षांची वजाबाकी करावीशी वाटते. पदवी 1984, पेपर 1999. मधे पंधरा वर्षं. दोन वर्षांच्या डेझर्टेशनकडून 'गडचिरोलीसारखं काहीतरी' मागणाऱ्या गाईडनी आणि ते लिहून देणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही वजाबाकी एकदा करावी.

आता पेपर. रचना साधी आहे. गडचिरोली जिल्ह्यातली 39 गावं एका बाजूला, 47 गावं दुसऱ्या बाजूला. लोकसंख्या दोन्हीकडे साधारण चाळीस हजारांच्या आसपास. 1993 ते 95 फक्त मोजणी. मग 1995 ते 98 अशी तीन वर्षं पहिल्या 39 गावांत घरोघर नवजात बाळांची काळजी: गावातल्याच शिकवलेल्या बायका घरी जातात, बाळ गुदमरलं तर काय करायचं, कमी वजनाचं असेल तर काय, गार पडलं तर काय, दूध ओढत नसेल तर काय, हे सगळं बघतात, आणि सेप्सिसची लक्षणं दिसली तर औषधासोबत जेंटामायसिनचं इंजेक्शनही देतात. सुईणींची मदत, आरोग्यशिक्षण आणि दर पंधरा दिवसांनी देखरेख. उरलेल्या 47 गावांत जे चालू होतं तेच चालू.

सुरुवातीचा नवजात मृत्यूदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू, प्रयोगाच्या गावांत 62 आणि कंट्रोल गावांत 58. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत 25.5. पेपर म्हणतो, निव्वळ घट 62.2 टक्के.

इथे थांबा आणि कॅल्क्युलेटर काढा. 62 वरून 25.5 म्हणजे 36.5 ची घट. भागिले 62. येतात 58.9 टक्के. मग 62.2 कुठून आले? 'निव्वळ' या शब्दातून. त्याच काळात कंट्रोल गावांमधला दर कमी न होता किंचित वाढला. कंट्रोलमध्ये जे झालं ते वजा करून मग उरतो तो परिणाम. म्हणजे या पेपरचा सगळ्यात गाजलेला आकडा, ज्या गावांत काहीच केलं नाही त्या 47 गावांवर उभा आहे. आपण सगळे 39 गावांबद्दल बोलतो. ताईंच्या वाक्यात 47 गावं कुठेच नाहीत.

दुसरा आकडा, जो हमखास चुकीचा लिहिला जातो: 18 बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळतो. सिनॉप्सिसमध्ये हे 'एक नवजात मृत्यू' असं लिहिलेलं मी तीनदा पाहिलंय. पण 62 वरून 25.5 झाले तर हजारामागे साडेछत्तीस मृत्यू टळले, म्हणजे सत्तावीस बाळांमागे एक. अठरा येण्यासाठी त्यात पोटातले मृत्यू धरावे लागतात, आणि पेपरात तसं स्पष्ट लिहिलंय. अर्धं वाक्य उचललं की असं होतं.

आणि हा पोटातल्या मृत्यूंचा मुद्दा मला अजूनही बोचतो. प्रसूतीच्या आगेमागे होणाऱ्या मृत्यूंचा दर, म्हणजे उपजत मृत्यू अधिक पहिल्या आठवड्यातले मृत्यू, 71 टक्क्यांनी घटला असं पेपर सांगतो. नवजात मृत्यूंपेक्षाही जास्त. जन्मानंतरच्या काळजीने जन्माआधीचे मृत्यू कसे कमी होतील? एक शक्यता अशी की जे बाळ आधी न रडल्यामुळे 'मेलेलंच जन्मलं' म्हणून लिहिलं जायचं, ते आता श्वास देऊन जगवलं जातंय. तसं असेल तर ते काम मोठंच आहे. पण मग 'उपजत' या रकान्याचा अर्थ प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर एकच राहिला का, हा प्रश्न उरतो. मृत्यू कुठल्या रकान्यात पडतो हे लिहिणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेप्सिसचा आकडाही बघू. उपचार सुरू होण्याआधीच्या 163 बाळांपैकी 16.6 टक्के दगावली, उपचार मिळालेल्या 71 पैकी 2.8 टक्के. टक्के सोडा, माणसं मोजा: 27 आणि 2. फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण ही तुलना कंट्रोल गावांशी नाही, आधीची आणि नंतरची आहे. निदान लक्षणांवरून, गावात रक्ताचं कल्चर कोण करणार? हात आणि नजर तयार झाली की सौम्य केसेसही पकडल्या जातात, आणि मग मृत्यूचं प्रमाण आपोआप खाली येतं. ही शंका एकट्या या आकड्यावर घेता येते. पण पेपर पडतो का यामुळे? नाही. कारण एकूण नवजात मृत्यूही तितकेच ठळक घटलेत आणि मृत्यू ओळखायला निदान लागत नाही. संशोधनात 'कठीण' मोजमाप निवडायचं म्हणतात ते यासाठी.

तर मग दोष कुठे? पहिला, गावं चिठ्ठी टाकून निवडलेली नाहीत. जिथे प्रयोग झाला तिथे संस्थेचं काम वर्षानुवर्षं होतं, लोक ओळखत होते. दुसरा, सगळा संच एकत्र दिला, म्हणून कशाने किती फरक पडला ते सांगता येत नाही. सुईण, पंधरवड्याची देखरेख की इंजेक्शन? नंतर बांगलादेशातल्या सिल्हेटमध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि तिथे घरी जाऊन काळजी घेतलेल्या गटात नवजात मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. तो पेपर 2008 चा, तोही 'लॅन्सेट'मध्येच. माझं मत विचाराल तर: परिणाम खरा आहे, त्याचा आकार मात्र गडचिरोलीचा आहे. दुसऱ्या जिल्ह्यात 62 टक्के मागू नका.

तिसरी गोष्ट पेपरचा दोष नाही, आपला आहे. केंद्र सरकारने 2011 मध्ये घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, फॉर्म भरतात, अडीचशे रुपये मिळतात. परभणीतल्या प्रत्येक आशाला हे दिवस पाठ आहेत. पण या कार्यक्रमात आशाच्या हातात इंजेक्शन नाही. 2014 मध्ये एएनएमला ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली, एवढंच. आणि पंधरवड्याची ती कडक देखरेख किती ठिकाणी होते, ते तुम्हीच सांगा. तेव्हा 'गडचिरोली मॉडेल राबवलं' या दाव्यातलं मॉडेल पेपरातलं नव्हेच. नाव तेच, आतला ऐवज निम्मा.

आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पद्धतीच्या भागात एक साधं वाक्य आहे, अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्येसुद्धा आहे, तरी कुणाच्या नजरेत भरत नाही: जन्म आणि मृत्यू नोंदवायचं काम दुसऱ्या कार्यकर्त्यांनी केलं. दुसऱ्या. जिने बाळाला इंजेक्शन दिलं, तिने ते बाळ जगलं की गेलं हे मोजलं नाही. दोघंही एकाच संस्थेचे होते, कुठलं गाव कुठल्या गटात हे त्यांना माहीत होतं, हे मान्य. टीका करायला तेवढी जागा आहेच. पण काम करणारा हात आणि मोजणारा हात वेगळे ठेवले होते.

नोकरी करत एमपीएच करणाऱ्याचं नेमकं इथेच अडतं. तुम्ही स्वतःच काम करता, रजिस्टरही तुम्हीच भरता, त्याच रजिस्टरवर डेझर्टेशन लिहिता आणि तुमचं काम चांगलं झालं असा निष्कर्ष काढता. कोणी खोटं बोलतंय असं मी म्हणत नाहीये. ताईंना हे बोलले तेव्हा त्या जरा तापल्याच.

"म्हणजे आम्ही काय खोटं लिहायलोत का?"

खोटं नाही. फक्त रजिस्टरला भोकं कुठे असतात ते आधी बघायला हवं. आणि परभणीत ती गडचिरोलीपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी माहेरी जाते. सासरच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात तिचं नाव गरोदर माता म्हणून आहे, पण बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. बाळ तिथेच आठव्या दिवशी गेलं तर कुणाच्या खात्यात? माहेरच्या सिस्टर म्हणतात, ती आमची लाभार्थी नाही. सासरच्या म्हणतात, बाळंतपण आमच्याकडे झालंच नाही. दोघी आपापल्या जागी बरोबर.

दुसरं, ऊसतोड. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची कोयत्यावर जाणारी जोडपी दसरा-दिवाळीनंतर निघतात ती पाडव्याच्या आसपास परततात. चार-पाच महिने ती इथल्या रजिस्टरात फक्त 'स्थलांतरित' असतात. फडात जन्मलेलं आणि फडातच गेलेलं बाळ परत येत नाही. आई एकटी परत येते.

तिसरं भोक बोलायला अवघड आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, 20 ते 24 वयाच्या ज्या स्त्रियांचं लग्न 18 च्या आत झालं होतं त्यांचं प्रमाण परभणी जिल्ह्यात 48 टक्के आलं. राज्याचं 22 च्या आसपास. म्हणजे पहिलटकरणींमधल्या कितीतरी मुली कायद्याने अजून बालिका आहेत. नोंद केली तर पोलिसात जातं, म्हणून वय 19 सांगितलं जातं आणि तसंच लिहिलं जातं, किंवा नाव उशिरा येतं, किंवा येतच नाही. आणि कमी वयाच्या आईचं बाळ कमी वजनाचं असण्याची, दगावण्याची शक्यता जास्त. जी बाळं जास्त मरतात नेमकी तीच रजिस्टरातून जास्त गळतात. गळती सगळीकडे सारखी असती तर दर फारसा बिघडला नसता. ती एकाच बाजूला आहे.

यात नवीन काही नाही, हेही सांगते. बालमृत्यू नोंदवलेच जात नाहीत, हे गडचिरोलीच्याच मंडळींनी 2001 च्या 'कोवळी पानगळ' या अहवालात राज्यभराबद्दल मांडलं होतं, आणि त्यावर तेव्हा मोठी चर्चा झाली होती. पेपर सगळे सांगतात, अहवाल कुणी सांगत नाही. पेपरला टाळ्या मिळतात, अहवालाला खुलासे.

समजा रजिस्टर एकदम चोख आहे. तरी 'तीन वर्षांत शून्य' याचा अर्थ काय होतो? छोटं गणित करू. उपकेंद्राची लोकसंख्या 5,000. जन्मदर हजारामागे साधारण 15 धरा, म्हणजे वर्षाला 75 जन्म. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा नवजात मृत्यूदर 11 होता. 75 जन्मांत अपेक्षित मृत्यू 0.8. एकही पूर्ण मृत्यू नाही. पॉइसाँ वितरण लावलं तर अशा उपकेंद्रात एखाद्या वर्षी शून्य मृत्यू येण्याची शक्यता साधारण 44 टक्के. सिस्टरनी काही वेगळं केलं नाही तरी. सलग तीन वर्षं शून्य यायची शक्यता 8 टक्के. म्हणजे राज्याच्या सरासरीने चालणारी शंभर उपकेंद्रं घेतली तर आठ ठिकाणी निव्वळ योगायोगाने तीन वर्षं शून्य दिसेल, आणि त्या आठ जणींचा सत्कार होईल. गडचिरोलीत वर्षाला हजाराच्या आसपास जन्म होते आणि दर 62 होता, म्हणून तिथे घट दिसू शकली. 30,000 च्या अख्ख्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही आज वर्षाला पाचच्या आसपास मृत्यू अपेक्षित आहेत. पाचाचे तीन झाले म्हणून पेपर होत नाही.

हे सांगितल्यावर ताई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एक बाळ आठवतंय मला. मागच्या वर्षीचं. माहेरी गेलेली पोरगी, नवव्या दिवशी गेलं. मी भेटायला गेले होते तिला नंतर. ते कुठंच नाही लिहिलेलं. आमच्यातही नाही, तिकडंही नाही."

म्हणजे शून्य खोटं आहे हे त्यांना माहीत होतं. खोटं त्यांनी लिहिलेलं नव्हतं. रकानाच नव्हता.

आता डेझर्टेशनचं काय करायचं? ज्ञान-दृष्टिकोन-आचरण छापाच्या विषयांवर मी आधीही लिहिलंय, पुन्हा फार बोलत नाही. गणवेशातल्या सिस्टरनी "बाळाला पहिल्या तासात पाजलं का?" असं विचारल्यावर कुठली बाई नाही म्हणणार? तिथेही काम करणारी आणि मोजणारी एकच.

अभ्यासक्रमांनाच हे कळत नाही असं नाही. चेन्नईतल्या आयसीएमआरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीने 2001 मध्ये नोकरीतल्या आरोग्य अधिकाऱ्यांसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. काही आठवडे चेन्नईत वर्ग, बाकी वेळ आपापल्या जिल्ह्यात काम. त्या कामात साथीचा तपास असतो आणि आपल्याकडच्या रोगनोंदणीच्या व्यवस्थेचं मूल्यमापनही. म्हणजे आकडा वापरायच्या आधी आकडा कसा तयार होतो ते तपासायचं. नोकरी सांभाळणाऱ्यासाठी हीच खरी सोय: शेतावर जाऊन शेती शिकायची. आपल्याकडच्या बऱ्याच ठिकाणी मात्र नोकरी म्हणजे हजेरीत मिळालेली सवलत, त्यापलीकडे काही नाही.

रजिस्टर किती पूर्ण आहे हे तपासायची एक जुनी रीत आहे, आणि ती आपल्याकडचीच आहे. 1949 मध्ये सी. चंद्रशेखर आणि डेमिंग यांनी ती मांडली, कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या जन्ममृत्यूंच्या नोंदी घेऊन. कल्पना अशी: एकाच गावातल्या जन्मांच्या दोन वेगवेगळ्या याद्या घ्या. समजा सिस्टरच्या यादीत 60 नावं आहेत, दुसऱ्या यादीत 50, आणि दोन्हींत असलेली 40. दुसऱ्या यादीतल्या 50 पैकी 40 सिस्टरना सापडली होती, म्हणजे त्यांची पकड 80 टक्के. 60 ही जर 80 टक्के असतील तर एकूण जन्म 75. सूत्रात 60 गुणिले 50 भागिले 40. दोन्ही याद्या मिळून वेगळी नावं 70 होतात. म्हणजे पाच बाळं अशी, जी कुठल्याच यादीत नाहीत. जी कुणी लिहिली नाहीत त्यांची संख्या काढायची ही रीत आहे. मी पहिल्यांदा शिकले तेव्हा जादूच वाटली होती.

जादूला अट आहे. दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. इथेच परभणीत आणि सगळीकडे फसतं: आशाताई आणि अंगणवाडीताई महिन्याच्या शेवटी एकाच सतरंजीवर बसून याद्या जुळवून घेतात. काम म्हणून ते चांगलंच आहे, संशोधन म्हणून घातक. जुळवलेल्या याद्यांत दोन्हींतली नावं फुगतात, भागाकार लहान येतो, आणि रजिस्टर 98 टक्के पूर्ण निघतं. ग्रामपंचायतीतलं जन्ममृत्यूचं रजिस्टर थोडं वेगळं, 1969 च्या कायद्याखालचं, पण त्यातही नाव बऱ्याचदा आशाच सांगते. खरी स्वतंत्र यादी हवी तर कुणीतरी घरोघर जाऊन विचारायला हवं, आणि 'तुमच्या घरी बाळ झालं का' इतकंच नाही तर 'तुमची लेक माहेरी आली होती का, तिला काय झालं' असंही. माहेरच्या भोकाला तोच प्रश्न बुजवतो.

आणि ते विचारणारी ताई स्वतः नको.

आम्ही इथवर आलो तेव्हा ताईंनी खरी अडचण सांगितली. समजा यादी केली आणि आपल्याच रजिस्टरात जन्म कमी निघाले, मृत्यू सुटलेले निघाले. ते डेझर्टेशनमध्ये लिहायचं, आणि परवानगीच्या पत्राला अहवालाची प्रत जोडायची कार्यालयात. खुलासा कुणाला मागतील? सही कुणाची आहे रजिस्टरवर? कंत्राटी सीएचओ असेल तर प्रश्न पगाराचाच. पद्धतीच्या पुस्तकांत याला 'हितसंबंधांचा संघर्ष' म्हणतात आणि एका ओळीत जाहीर करायला सांगतात. इथे ती ओळ लिहिणं म्हणजे मेमो मागून घेणं आहे. तेव्हा तुमच्या गाईडनी "डेटा तुमच्याकडेच आहे, सोपं आहे" असं म्हटलं, तर नम्रपणे सांगा की म्हणूनच ते अवघड आहे.

यावर उपाय मला सुचला नाही, ताईंनाच सुचला. त्यांच्या बॅचला एक स्टाफ नर्स आहे, दुसऱ्या तालुक्यातली. दोघींनी अदलाबदल करायची. ही तिच्या गावांत घरोघर यादी करणार, ती हिच्या गावांत. निकाल लिहिताना उपकेंद्रांची नावं नाहीत, फक्त क्रमांक, आणि दोन्हीकडचे आकडे एकत्र. सिनॉप्सिसचं नाव बदललंय: दोन उपकेंद्रांतल्या जन्म व नवजात मृत्यू नोंदींची पूर्णता. 'गडचिरोली मॉडेलमुळे' हे वाक्य काढलंय. पेपर संदर्भात ठेवलाय, पण आता पद्धतीच्या भागात, त्या 'दुसऱ्या कार्यकर्त्यां'साठी.

गाईडनी सिनॉप्सिस परत पाठवली आहे. शेरा एकच: नमुना संख्या कशी काढली? रास्त प्रश्न आहे. मृत्यू मोजायचे म्हटले तर दोन उपकेंद्रं काहीच नाहीत, ते वर बघितलंच. पण जन्मांच्या नोंदीची पूर्णता मोजायला दोन वर्षांचे तीनशेएक जन्म पुरतील असा माझा अंदाज आहे. रविवारी ताईंची लसीकरणाची ड्युटी नाही. तेव्हा बसून ते गणित करणार आहोत.